मालकांची सही

प्रति,
नाशिक जिल्ह्यातल्या सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी दवाखान्यांचे प्रमुख, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर, लेबर रूम आणि कुटुंब नियोजन विभागातल्या सिस्टर, आणि संमतीचे फॉर्म छापायला देणारे सर्व.

विषय : बाईच्या उपचारासाठी नवऱ्याची सही मागणे बंद करण्याबाबत.

सन्माननीय डॉक्टर, सिस्टर,

"मालकांना घेऊन या, मग बघू." ओपीडीच्या टेबलावर हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की आपण काही अट घातली असं बोलणाऱ्यालाही वाटत नाही. सुरगाण्याहून एसटीने आलेल्या बाईला ते ऐकवलं जातं, अंबडच्या कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या मुलीलाही. कॉलेज रोडवरच्या बाईंसाठी फक्त शब्द बदलतो : "मिस्टर नाही का आले?"

नवऱ्याला मालक म्हणण्यावरून आम्हाला भांडायचं नाही. शब्द जुना आहे, जिभेवर बसलेला आहे. पण त्याच्या सहीवाचून बाईचा उपचार अडतो, तेव्हा तो शब्द कागदावर अक्षरशः खरा होतो. आमचं भांडण त्या कागदाशी आहे.

हे पत्र लिहिणाऱ्या आम्ही समुपदेशक, निवृत्त परिचारिका आणि आरोग्य कार्यकर्त्या आहोत. या टेबलाच्या अलीकडेही बसलो आहोत आणि पलीकडेही. आमच्या लेकी-सुना उद्या तिथेच बसणार आहेत. तक्रार एका दवाखान्याची नाही, म्हणून नाव कोणाचंच घेतलेलं नाही.

गर्भपात कायद्याखालचा 'फॉर्म सी' आधी समोर घ्या. बहुतेक ठिकाणी तो फोटोकॉपीची फोटोकॉपी असतो, कडेची अक्षरं गेलेली. त्याचे दोन भाग आहेत. वरच्या भागात बाई स्वतःचं नाव, वय, पत्ता लिहून "माझ्या गर्भपातास मी संमती देते" असं म्हणते, आणि खाली स्थळ, तारीख, तिची सही. संपलं. खालचा भाग कंसातल्या एका सूचनेने सुरू होतो : बाई अज्ञान (म्हणजे 18 वर्षांखालील) किंवा मानसिक रुग्ण असेल तरच तो पालकाने भरायचा. त्यात "माझी पाल्य" असा शब्द आहे. प्रत्यक्षात घडतं काय? ती सूचना झेरॉक्समध्ये पुसट झालेली असते, खाली मोकळी जागा दिसते, आणि तिथे नवऱ्याला सही करायला सांगितलं जातं. म्हणजे 30 वर्षांची, दोन मुलांची आई कागदोपत्री एक तर अज्ञान ठरते, नाही तर मनोरुग्ण, आणि नवरा तिचा पालक. कुणी मुद्दाम करत नाही हे आम्ही मान्य करतो. पण रोज होतं. काही खासगी ठिकाणी तर पट्टीने रेघ मारून "पती / नातेवाईक" असा वेगळा रकानाच पेनाने आखून ठेवलेला असतो.

कायदा या बाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. 1971 च्या कायद्याचं कलम 3(4) म्हणतं की 18 वर्षांखालील मुलगी किंवा मानसिक रुग्ण असेल तर पालकाची लेखी संमती, एरवी फक्त गर्भवती स्त्रीची. 2021 च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसल्याच्या तरतुदीतला 'पती' हा शब्द काढून तिथे 'जोडीदार' घातला. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही तोच हक्क दिला, आणि घरच्यांची संमती, कागदपत्रांचे पुरावे असल्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत असं सांगितलं. म्हणजे लग्नाचं सर्टिफिकेट मागणंही त्यातच आलं.

आणखी एक गंमत, तिला गंमत म्हणवत नाही. 2003 च्या नियमांप्रमाणे हा भरलेला फॉर्म पाकिटात घालून सीलबंद करायचा, पाकिटावर बाईचं नाव न लिहिता रजिस्टरमधला क्रमांक टाकायचा आणि 'गुप्त' असा शेरा मारायचा. तिची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला कलम 5अ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इतकी गुप्तता पाळायची तो कागद आपण आधी घरच्या माणसाच्या हातात देतो.

सही आणायला लागणाऱ्या दिवसांची किंमत काय, याचा हिशोब फॉर्मवर कुठे दिसत नाही, म्हणून इथे मांडतो. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकून दोन आठवडे झाले की सहा आठवडे भरतात. बाई त्या सुमाराला येते. ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू असते, सुरगाणा-पेठची माणसं टोळीने दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर गेलेली असतात, आणि नवरा दिवाळीला परतणार असतो. चार आठवडे गेले, दहा झाले. गोळ्यांनी गर्भपात करायची मर्यादा नऊ आठवड्यांची; ती हुकली. सहाव्या आठवड्यात पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची एक गोळी, तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, आणि पंधराव्या दिवशी तपासणी एवढ्यावर भागलं असतं. आता हाताच्या सिरिंजने पिशवी रिकामी करावी लागेल. ती पद्धत बारा आठवड्यांपर्यंत सुरक्षित आहे, पण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. ग्रामीण रुग्णालयात गेली आणि तिथेही "मालक कुठे?" झालं की बारा उलटतात. मग बारा आठवड्यांपुढची मान्यता असलेलं ठिकाण, भरती, कळा, जास्त रक्तस्राव, जास्त पैसे. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे 24 पर्यंत दोघांचं लागतं, आणि तेही बलात्कारपीडित, अज्ञान मुली, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग स्त्रिया अशा ठरावीक गटांनाच. एका सहीने बाईला गोळीवरून ऑपरेशन टेबलापर्यंत नेलं.

तेवढा वेळ वाट न बघणाऱ्या बायकाही आहेत. त्या कुठून तरी गोळ्या आणतात, किती घ्यायच्या आणि कधी हे कोणी सांगत नाही, आणि रात्री दोन वाजता रिक्षाने तुमच्याच दारात येतात. गोळ्या देताना सांगायची धोक्याची खूण अगदी सोपी आहे : तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतात आणि असं सलग दोन तास चाललं, तर थांबायचं नाही. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनंतर 24 तासांत अंगावरून काहीच गेलं नाही तरी यायचं, कारण गर्भ पिशवीबाहेर नळीत असू शकतो आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ज्या बाईला तुम्ही परत पाठवलं तिला ही पाच मिनिटं मिळालेली नसतात.

डॉक्टरांची भीती आम्हाला कळत नाही असं नाही. नवरा येऊन आरडाओरडा करतो, भाऊबंद आणतो, "कोणाला विचारून केलं" म्हणतो. केस होईल असं वाटतं. ती केस होऊन गेलेली आहे. एका नवऱ्याने आपल्या संमतीविना पत्नीचा गर्भपात केला म्हणून डॉक्टरांवरच भरपाईचा दावा लावला होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो टिकू दिला नाही आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नवऱ्याचं अपील फेटाळलं. 2007 च्या समर घोष खटल्याचा दाखला काही वकील देतात. त्यात पतीला न सांगता, वैद्यकीय कारण नसताना केलेला गर्भपात मानसिक क्रौर्य ठरू शकतो असं एक वाक्य आहे. पण ते घटस्फोटाच्या खटल्यातलं, नवरा-बायकोमधलं आहे. डॉक्टरने कोणाची संमती घ्यायची हे ते वाक्य सांगत नाही. आणि दवाखान्यात दंगा करणाऱ्यासाठी महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. दंगेखोराचा बंदोबस्त बाईच्या फॉर्मवर करायचा नसतो.

उलट ज्या सहीने आपण सुरक्षित झालो असं वाटतं, ती सही न्यायालयात उभीच राहत नाही. समीरा कोहली खटला, 16 जानेवारी 2008. 44 वर्षांच्या रुग्णाने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, जीव तातडीने वाचवायचा प्रश्न नव्हता, तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे. आईची चालत नाही, तर नवऱ्याची कशी चालेल?

'पिशवी काढायची' म्हटलं की हे जास्तच आठवायला हवं. 2019 च्या जून महिन्यात विधिमंडळात सांगितलेला बीडचा आकडा तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढल्याचा होता आणि त्यात ऊसतोडीच्या बायका पुष्कळ. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असं सांगितलं. अशा ठिकाणी फॉर्मवर दोन-दोन सह्या असतात आणि तरी बाईला माहीत नसतं की पांढरं जाणं आणि कंबरदुखी ही पिशवी काढायची कारणं नाहीत. जंतुसंसर्गाला औषध आहे. जास्त रक्तस्रावाला आधी गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबी आहे. पिशवीसोबत बीजकोशही गेले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. "कॅन्सर होईल" या दोन शब्दांवर घेतलेली सही संमती कशी म्हणावी?

सिझेरियनबद्दल थोडक्यात. निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत तातडीच्या वेळी अर्धा तास, हे उद्दिष्ट तुम्हीच आम्हाला शिकवलंत. बाई शुद्धीत आहे, बोलते आहे, बाळाचे ठोके उतरताहेत, आणि मावशी फॉर्म घेऊन पार्किंगमध्ये नातेवाईक शोधते आहे. टेबलावरच्या बाईला विचारा ना.

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. केंद्र सरकारच्या 2014 च्या नसबंदी मानकांत लिहिलेलं आहे की जोडीदाराची संमती लागत नाही. अटी वेगळ्याच आहेत : बाईचं वय 22 ते 49, लग्न झालेलं, किमान एक मूल आणि ते एक वर्षाच्या वरचं, नवऱ्याचं ऑपरेशन आधी झालेलं नाही. अंगठा असेल तर फॉर्म वाचून दाखवल्याचा साक्षीदार हवा. साक्षीदार आणि परवानगी देणारा यांत फरक आहे. तो टेबलावर रोज पुसला जातो. गुंगीचं औषध दिल्यावर घेतलेली सही धरायची नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ 8 नोव्हेंबर 2014 च्या एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं झाली आणि दहाहून अधिक जणी गेल्या. एका पथकाने दिवसाला जास्तीत जास्त 30 ऑपरेशनं करायची, ही मर्यादा होती. कागद त्या सगळ्यांचे भरलेले होते. 2016 मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत बंद करा आणि संमतीपत्र स्थानिक भाषेत समजावून सांगा असं म्हटलं. आपल्या जिल्ह्यात स्थानिक भाषा म्हणजे नुसती मराठी नव्हे. पेठ-सुरगाण्यात कोकणा आहे, बागलाण-मालेगावकडे अहिराणी, मालेगावात उर्दू. "सदर शस्त्रक्रियेच्या अनुषंगाने उद्भवणाऱ्या गुंतागुंतीस मी जबाबदार राहीन" हे वाक्य तर मराठी एम.ए. झालेल्या बाईलाही दुसऱ्यांदा वाचावं लागतं.

तांबीचं दुखणं नेमकं उलटं आहे. इथे नवऱ्याला विचारलं जातं किंवा नाही, बाईलाच विचारायचं राहून जातं. बाळंतपणानंतरची तांबी वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत किंवा 48 तासांच्या आत बसवतात, त्यामुळे बोलणं आधी, गरोदरपणाच्या तपासण्यांतच व्हायला हवं. जोराच्या कळा सुरू झाल्यावर विचारणं हे विचारणं नव्हे. त्या वेळी बाई कशालाही हो म्हणेल. बसवली असेल तर डिस्चार्जच्या कागदावर तसं लिहा, दहा वर्षं चालणारी 380-ए प्रकारची तांबी आहे की पाच वर्षं चालणारी 375 हे लिहा, सहा आठवड्यांनी बोलवा. नाही तर तीन वर्षांनी पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी होते आणि तेव्हा बाईला कळतं की आत तांबी आहे.

आणि काढून मागितली तर? "कशाला काढता, चांगली आहे की. मालकांशी बोलून या." सगळं ठीक असेल तर तांबी काढायला दोन मिनिटं लागतात, दोरा चिमट्यात धरून हळूच ओढायचा. बसवायला ज्या हाताने उत्साह दाखवला त्याच हाताने ती काढावी. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन असं काढता येत नाही, म्हणून ते देण्याआधी सांगावं : दर तीन महिन्यांनी घ्यायचं, पाळी अनियमित होईल, पुढे बंदही होईल, रक्त आत साठत नाही, आणि थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागतात. 'रक्त साठतं' ही सासूबाईंची शंका दूर केली नाही तर दुसरं इंजेक्शन होत नाही, हे प्रत्येक आशाताईला ठाऊक आहे. 'छाया' या गर्भनिरोधक गोळीचं वेळापत्रक सांगताना "आठवड्यातून दोनदा" एवढंच म्हणतात आणि बाई सोमवार-मंगळवार घेते. पाळी सोमवारी आली तर सोमवार आणि गुरुवार, असे तीन महिने. नंतर फक्त सोमवार. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून दिली की चुकत नाही. साधनाच्या नोंदीचं कार्ड घरी नको असेल तर ते आशाताईकडे ठेवायची सोय करा.

एक मात्र खरं, नवऱ्याची सही खरोखर लागते अशी एक जागा आहे, त्याच्या स्वतःच्या फॉर्मवर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदीचं 0.3 टक्के आहे. बिनटाक्याची पुरुष-नसबंदी जागीच भूल देऊन पंधरा मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्य तपासून घ्यायचं, बस्स. तिच्या फॉर्मसाठी जे गृहस्थ बोलावले जातात, ते आलेच आहेत तर त्यांना हाही फॉर्म दाखवा. किती दाखवले जातात?

हा फक्त आपल्या जिल्ह्याचा प्रश्न नाही. 1994 मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत 179 देशांनी, भारतासकट, मान्य केलं की लोकसंख्येचं काम बाईच्या निर्णयावर उभं राहील, उद्दिष्टाच्या आकड्यांवर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत 5.6.1 हा निर्देशांक आहे. त्यात 15 ते 49 वयाच्या बाईसाठी तीन गोष्टी बघतात : शरीरसंबंधाला नाही म्हणता येतं का, गर्भनिरोधकाबद्दल ठरवता येतं का, आणि स्वतःच्या उपचाराबद्दल ठरवता येतं का. तिन्हीला हो असेल तरच ती बाई स्वतः निर्णय घेणारी म्हणून धरली जाते. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली. शंभर वर्षं उलटली, आणि आपण अजून रकान्यावर आहोत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सज्ञान बाईच्या कोणत्याही संमतीपत्रावरून 'पती / पालक / नातेवाईक यांची सही' हा रकाना काढा, छापलेला असो की पेनाने आखलेला. त्याऐवजी 'सोबत आलेली व्यक्ती आणि फोन' असा रकाना केसपेपरवर ठेवा. भुलीनंतर घरी न्यायला कोणी तरी लागतं, ही गरज खरी आहे. ती शेजारीण असेल, आशाताई असेल, चालेल.

ओपीडीत आणि लेबर रूमबाहेर वाचता येईल एवढ्या अक्षरांत पाटी लावा : "18 वर्षांवरील स्त्रीच्या गर्भपातासाठी, तांबीसाठी, नसबंदीसाठी फक्त तिची संमती लागते." खाली तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं पद आणि दवाखान्याचा नंबर.

बाईशी बोलताना पाच मिनिटं तिला एकटीला बसवा. सासू, नवरा, आई, सगळे बाहेर. पडदा लावला म्हणजे एकांत झाला असं नाही, पडद्याला कान असतात.

सोपं मराठी संमतीपत्र करा आणि कोकणा, अहिराणी, उर्दूत त्याचं रेकॉर्डिंग करून सिस्टरच्या मोबाइलवर ठेवा. तीन मिनिटांचं पुरे.

सही नाही म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक बाईची नोंद एका वहीत करा : तारीख, आठवडे, कारण. नाव नको. महिन्याच्या बैठकीत ती वही वाचा.

गर्भपात नाकारायचाच असेल तर कारण लिहून द्या आणि कुठे होईल तेही त्याच कागदावर लिहा, त्याच दिवशी.

नव्या फॉर्म सीची छपाई कराल तेव्हा पालकाचा खालचा भाग वेगळ्या कागदावर घ्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवा. अज्ञान मुलगी किंवा मानसिक रुग्ण आली की तो काढता येईल. वरच्या कागदावर बाईच्या सहीखाली काही छापू नका.

आपल्या,
नाशिक जिल्ह्यातल्या आरोग्य कार्यकर्त्या, परिचारिका आणि समुपदेशक